पाट वाजतो की मूर्ती: पेण ते रोहा

दिवाळी झाली की आमचं घर बंद व्हायचं. मुकादमाचा टेम्पो वाडीच्या तोंडाशी येऊन उभा राहायचा आणि त्यात गोधड्या, भांडी, कोंबड्या आणि आम्ही असे सगळे चढायचो. दाराला कुलूप नव्हतं. आय करवंदीची काटेरी फांदी दारात आडवी लावायची, की झालं. पुढे पाऊस तोंडावर येईपर्यंत वीटभट्टी. शाळेच्या पटावर माझं नाव असायचं, वर्गात मी नसायचे.

भट्टीवर आय चिखल कालवायची, बा साच्यातून विटा पाडायचा आणि माझ्याकडे वाजवायचं काम होतं. भट्टी निवली की विटा उचलायच्या, एकीवर एक टिचवायच्या. खणखणली तर पक्की, भद्द वाजली तर कच्ची. तळहाताची सालं जायची. आय त्यावर संध्याकाळी खोबरेल लावायची आणि सकाळी पुन्हा तेच. सात वर्षांची होते तेव्हा मला पाटीवरचा आकडा वाचता येत नव्हता, पण डोळे मिटून वीट ओळखता यायची.

हे बदललं ते बायजाआत्यामुळे. ती बाची थोरली बहीण. तिला पेणला गणपतीच्या कारखान्यात बारमाही काम लागलं, मागच्या अंगाला एक खोली मिळाली. एका दिवाळीत टेम्पो यायच्या आदल्या दिवशी ती वाडीवर आली आणि बाला म्हणाली, "पोरगी माज्याकडं दे. टेम्पोत बसवलीस तर मी तुज्या दारात पाय ठेवायची नाय." बाने दिली. त्या वर्षी मी पहिल्यांदा अख्खं वर्ष शाळेत बसले. मग दहावी, कॉलेज, एमएस्सी आणि आता पीएचडी. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. हे मी मिरवायला सांगते का? हो, मिरवायलाच सांगते.

पेण-रोहा तुम्ही बहुतेक गोव्याला जाताना पाहिलं असेल, गाडीच्या काचेतून. वडखळला चहा घेतला असेल. त्या वाटेवर थांबून चार-पाच दिवस काढले तर काय दिसतं, ते सांगावं म्हणून हे लिहिते. पण मी गेले ती हौसेने फिरायला नव्हे. मी पळून आले होते.

झालं असं. माझा विषय सोप्या शब्दांत सांगायचा तर, प्रोटॉनवर जोरदार प्रकाश आदळवला की त्यातून कधी कधी हायपरॉन नावाचा जरा जड भाऊबंद बाहेर पडतो. हा धक्का बसल्यावर आणि हायपरॉन निघायच्या आधी प्रोटॉन क्षणभर झणकारतो. त्या झणकारण्याला आम्ही रेझोनन्स म्हणतो. तो डोळ्यांना दिसत नाही, कुठल्याही यंत्राला थेट दिसत नाही. बाहेर पडलेले कण मोजायचे, त्यांचा आलेख काढायचा, आणि कुठे उंचवटा आला तर तिथे प्रोटॉन झणकारला असं समजायचं. ओळखीचे रेझोनन्स बरेच आहेत. परदेशातल्या प्रयोगशाळेने सगळ्यांसाठी खुली ठेवलेली मोजमापं घेऊन मी हिशोब मांडला, तेव्हा एक उंचवटा ओळखीच्यांनी भरून निघेना. मी तिथे एक नवा रेझोनन्स घातला, आणि आलेख अचूक बसला. प्रबंधाचं चौथं प्रकरण त्यावरच उभं केलं. जगभरच्या कणांच्या यादीत एक ओळ माझ्यामुळे वाढेल, असं स्वप्नही पाहून झालं.

मग एका परीक्षकांचं पत्र आलं. भाषा सभ्य होती. म्हणणं असं: उंचवटा बसतो खरा, पण बाहेर पडणाऱ्या हायपरॉनच्या फिरकीची मोजमापं या नव्या रेझोनन्समुळे बिघडतात. उमेदवाराने महिन्याभरात समाधानकारक खुलासा करावा, अन्यथा प्रबंध स्वीकारता येणार नाही.

तीन आठवडे मी झगडले. फिरकी बसवायला आणखी एक रेझोनन्स घातला, मग आणखी एक. फिरकी बसली की उंचवटा सुटायचा, उंचवटा धरला की फिरकी पळायची. शेवटी माझ्या गाईड मॅडम, मूळच्या अकोल्याच्या आणि अगदी मोजकं बोलणाऱ्या, म्हणाल्या, "हा नवा हिशोब पुरा व्हायला संगणकाला पाच दिवस लागणार. तू समोर बसून राहिल्याने तो घाई करणार नाही. घरी जाऊन ये."

महिन्यातला एकच आठवडा उरला होता. माझी संस्था देशाच्या पूर्वेच्या टोकाला, तिथून पश्चिमेच्या टोकाला आले. त्या रेल्वेबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

पेण

पेणला गणपतीचा हंगाम नसतो, गणपतीच असतो. थंडीचे दिवस होते, तरी आत्याच्या गल्लीत ओट्या-ओट्यांवर पांढऱ्या मूर्ती ओळीने वाळत ठेवलेल्या. अजून रंग नाही, डोळे नाहीत. डोळ्यांची आखणी सगळ्यांत शेवटी, आणि तो माणूस वेगळा. मधल्या मोकळ्या जागेत बायकांनी पापड वाळत घातलेले. सायकलवाला घंटी न वाजवता, पाय टेकत टेकत, पापड आणि गणपती यांच्या मधून बरोबर निघून जातो. मी इतकी वर्षं बाहेर राहिले, की माझा पाय पहिल्याच दिवशी पापडावर पडला. पापडवाली म्हणाली, "पावणी दिसते." आत्या म्हणाली, "पावणी कसली, इथंच वाढली. शिकून आंधळी झालीय."

आत्याने पुढ्यात पोहे ठेवले, वर ओलं खोबरं. आमच्या संस्थेच्या खानावळीत सकाळी मुरमुरे आणि रस्सा असतो. चांगलाच असतो, पण पोह्यांची भूक त्याने जात नाही. मी दोन ताटल्या खाल्ल्या. तिसऱ्या वेळी आत्याने विचारलं नाही, नुसतंच वाढलं.

आत्याचं काम असं. साच्यातून निघालेली मातीची मूर्ती आतून पोकळ असते. ती वाळली की कुठे बारीक तडा गेलाय का, ते रंगाआधी कळलं पाहिजे. रंगाखाली तडा झाकला जातो आणि मग ट्रकमध्ये धक्क्याने सोंड हातात येते. म्हणून आत्या प्रत्येक मूर्तीच्या पोटावर, पाठीवर आणि मांडीवर बोटाच्या पेराने टिचकी मारते आणि कान देते. टणटणीत आली तर पुढे, फुटका आवाज आला तर मागे. मालक मनोहरशेठ यांचा तिच्या कानावर इतका भरवसा की ते स्वतः बघायलाही येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्याशेजारी गोणपाटावर बसले होते. तिने विचारलं, "तू तिकडं करतेस काय गो नक्की? दर वेळेस सांगतेस, माज्या डोक्यावरून जातं."

"तू करतेस तेच. मी पण वाजवते."

"काय वाजवतेस?"

"प्रोटॉन. सगळ्या वस्तूंच्या आत असतो. तुझ्या मूर्तीत पण आहे."

"केवढा?"

"दिसत नाही एवढा."

"दिसत नाय, मंग टिचकी कुठं मारतेस?"

"प्रकाशाची टिचकी मारायची. तो झणकारतो आणि लगेच त्याचं दुसरंच काहीतरी होऊन बाहेर पडतं. बाहेर पडलेलं मोजायचं, आणि आत कसा झणकारला ते ओळखायचं."

आत्याने हातातली मूर्ती खाली ठेवली. "म्हंजे तुमच्याकडं फुटली तीच कामाची."

"हो."

"शेठला नको सांगूस. त्यांचा धंदा उलटा हाय."

मग मी तिला सांगितलं की आमच्या संस्थेच्या गावात मूर्तिकार आधी गवताचा सांगाडा बांधतात आणि त्यावर माती चढवतात. साचा नाही, पोकळ काही नाही. हे तिला माझ्या प्रोटॉनपेक्षा अवघड वाटलं. "गवतावर? मंग तडा गेला कसा कळायचा? गवत काय बोलणार?" संध्याकाळपर्यंत ती मधून मधून मान हलवत होती.

तिसऱ्या दिवशी माघातल्या गणेशजयंतीची ऑर्डर न्यायला टेम्पो आला. घाई होती. आत्या रंगाच्या खोलीत अडकलेली, म्हणून शेठ मला म्हणाले, "तुला येतं की. लहानपणी करायचीस. ही रंगलेली शेवटची ओळ टेम्पोत चढायच्या आधी परत एकदा वाजवून घे." मला बरं वाटलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा कुणीतरी मला असं काम दिलं होतं जे मला येतं. ओळीतल्या मूर्ती लाकडी पाटांवर बसलेल्या होत्या. मी एकेकीला टिचकी मारत गेले. तीन मूर्ती फुटक्या वाजल्या. पुन्हा वाजवल्या, पुन्हा तेच. मी त्यांच्या पाटांवर खडूने फुल्या मारल्या आणि शेठना सांगितलं.

शेठचा चेहरा उतरला. टेम्पोवाला घड्याळ बघत होता, आणि तीन मूर्ती कमी म्हणजे तीन घरी शब्द मोडला. "काल तर बऱ्या होत्या ह्या. बायजाक्का, जरा या हो इकडं."

आत्या रंगाचे हात पुसत आली. फुल्या बघितल्या. पहिल्या मूर्तीला टिचकी मारली. आवाज फुटका आला, मी शेठकडे बघितलं. मग आत्याने दोन्ही हातांनी ती मूर्ती पाटावरून उचलली, आपल्या मांडीवर घेतली, एका हाताने सांभाळली आणि पुन्हा टिचकी मारली. टण्ण. कसलाही दोष नाही. मग तिने नुसत्या रिकाम्या पाटावर पेर आपटलं. थड्. पाटाखालची आडवी पट्टी सुटलेली होती.

"मूर्ती कुठं वाजवलीस तू. पाट वाजवलास."

"पण बाकीच्या पण पाटावरच होत्या की, आत्या. त्या नीट वाजल्या."

"त्यांचे पाट घट्ट हायत, म्हणून गप हायत. पट्टी सुटली का पाट मधी बोलाय लागतो. वाजवताना दोघं संगट वाजतात गो. आपल्याला वाटतं मूर्तीच बोलली."

शेठ हसले. खडूच्या फुल्या ओल्या फडक्याने पुसत म्हणाले, "एवढं शिकवतात, पाट उचलायला शिकवत नाहीत वाटतं." टेम्पोवाला पण हसला. आत्या हसली नाही. माझी मान खाली गेलेली तिला दिसली असणार. तिने बाकीच्या दोन मूर्ती माझ्या मांडीवर दिल्या आणि म्हणाली, "वाजव." मी वाजवल्या. दोन्ही टणटणीत.

लाज वाटत होती, एवढंच तेव्हा कळत होतं.

नागोठणे ते खांब

चौथ्या दिवशी सकाळी रोह्याची एसटी धरली. पेणहून रोह्याला रेल्वेने सरळ जाता येतं, पण मला नागोठणे डोळ्यांनी बघायचं होतं. अंबा नदी गावाला टेकून वाहते आणि जोराच्या पावसात बाजारात शिरते. म्हणून तिथल्या जुन्या दुकानांत अजून खालचे कप्पे रिकामे असतात. थंडीतही. मी स्टँडवरच्या एका दुकानात बिस्किटं घेताना विचारलं, आता कुठे पाऊस आहे? दुकानदार म्हणाला, "नाय ना. पण वर ठेवायची सवय लागली, आता खालचं सापडत नाय." पलीकडे पेट्रोकेमिकल कारखान्याच्या चिमण्या, एका चिमणीच्या टोकाला ज्योत. आमच्या वाडीतले बरेच जण तिथे कंत्राटावर जातात आणि 'कंपनीत हाय' एवढंच सांगतात.

त्या गाडीला खांबवरून, कोलाडला वळून रोह्याला जायचं होतं. खांबच्या अलीकडे मागचं चाक बसलं. कंडक्टर म्हणाला, "अर्धा तास." त्याचा दीड तास झाला. महामार्गाच्या कडेला एक बाई वालाच्या शेंगा घेऊन बसली होती. तिच्या शेजारच्या दगडावर बसून मी वही काढली, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

वहीत तीन आठवड्यांचे सगळे प्रयत्न लिहिलेले होते. एक रेझोनन्स घातला, दोन घातले, तीन घातले, एक काढून दुसरा घातला. प्रत्येक पानाच्या माथ्यावर एक ओळ होती जी मी न बघता उतरवत आले होते: पार्श्वभूमी, आधीप्रमाणे.

ही पार्श्वभूमी म्हणजे काय, तर प्रकाश आदळल्यावर प्रत्येक वेळी प्रोटॉन झणकारतोच असं नाही. कधी तो झणकारल्याशिवायच, सरळ देवाणघेवाण होऊन, हायपरॉन बाहेर पडतो. मोजमापात हे दोन्ही एकत्रच येतात, वेगळे करता येत नाहीत. आणि ते नुसते बेरजेने येत नाहीत. दोन लाटा एकमेकींत मिसळाव्यात तसे मिसळतात. कुठे चढतात, कुठे उतरतात. या पार्श्वभूमीचं बळ एका आकड्याने ठरतं. तो आकडा मी मॅडमच्या जुन्या लेखातून घेतला होता. तो घट्ट आहे असं सगळ्यांनीच धरलं होतं. आमच्या गटातल्या कुणीही तो उचलून बघितला नव्हता.

वहीवर बोट ठेवून मी किती वेळ बसले कोण जाणे. शेंगावाली म्हणाली, "काय हरवलं काय बाय?"

"नाही मावशी. सापडलं वाटतं."

मॅडमना फोन लावला. रेंज तिथे नव्हती. बंद टपरीच्या ओट्यावर चढून, एक हात खांबाला धरून उभं राहिलं की येत होती. मी त्यांना आत्याच्या पाटाचं सांगितलं, उंचवट्याचं सांगितलं, फिरकीचं सांगितलं, मग म्हणाले, "मॅडम, आपण पार्श्वभूमीचा आकडा बांधून ठेवलाय."

मग त्या म्हणाल्या, "तो आकडा माझा आहे."

"हो मॅडम."

माझ्या घरात मोठ्यांच्या बोलण्यावर कुणी बोट ठेवत नाही, आणि संस्थेतही फार वेगळं नाही.

"मोकळा सोडून बघितलास?"

"नाही."

"मीही कधी नाही." मग लगेच, नेहमीच्या आवाजात, "चालू हिशोब थांबव. तुझा नवा रेझोनन्स काढ, फक्त ओळखीचे ठेव, आकडा मोकळा सोड. फोनवरून होईल का?"

"होईल. इथे रेंज धरून ठेवली तर."

"मग धर."

तीन ओळी बदलायच्या होत्या. त्या ओट्यावर एका पायावर उभं राहून बदलल्या. तेवढ्यात चाक बसवून झालं आणि गाडीने हॉर्न दिला. कंडक्टर दारातून म्हणाला, "ताई, येताय का इथंच राहताय?"

"दोन मिनिटं."

"कुणाशी एवढं?"

"मशीनशी."

तो आतल्या लोकांना म्हणाला, "थांबा. ताईंचं मशीनशी बोलणं चाललंय." आणि गाडी खरंच थांबली. त्या कंडक्टरचं नाव मी विचारलं नाही याचं आता वाईट वाटतं. चढताना शेंगावालीकडून एक मोठी पिशवी भरून शेंगा घेतल्या.

रोहा, अष्टमी

रोहा आणि अष्टमी म्हणजे एकाच ताटातल्या दोन वाट्या, मधून कुंडलिका. माझी आय पुलाच्या अष्टमीकडच्या टोकाला चिंबोऱ्या विकायला बसते. नदीतल्या चिंबोऱ्या, पायांना गवताने बांधलेल्या. मी समोर जाऊन उभी राहिले तर तिने वर न बघताच विचारलं, "किती देऊ?"

"सगळ्या."

तेव्हा वर बघितलं. "सांगून येतात," ती म्हणाली. "मी लुगडं तरी बदललं असतं." मग शेजारणीला, "ही माजी. परोटनवाली." आत्याने तिला फोनवर सांगितलं होतं. पाटाचं पण सांगितलं होतं, हे मला रात्री घरी जेवताना कळलं.

चिंबोऱ्यांचं कालवण, तांदळाची भाकरी. संस्थेच्या गावातही खेकडे मिळतात. तिथे ते मोहरीच्या तेलात करतात आणि मोठ्या कौतुकाने पानात वाढतात. इथे आय नांगी दगडाने फोडते आणि थेट माझ्या भाकरीवर टाकते. मला दोन्ही आवडतं, पण भांडण लागलं तर मी कुणाच्या बाजूने ते सांगायला नको.

वाडी रोह्यापासून आत, नदीच्या कडेला. पोचले तेव्हा उन्हं कलली होती. निम्म्या घरांच्या दारात काटेरी फांद्या आडव्या. माणसं भट्टीवर गेलेली. त्या फांद्या बघून माझं पाऊल दर वेळी अडतं. आमचं दार उघडं होतं. बा ओट्यावर बसून जाळं शिवत होता. तो आता कंपनीच्या बागेत पाणी घालतो, आणि गेली बरीच वर्षं टेम्पोत चढलेला नाही.

मी आणलेल्या शेंगा बघून तो लगेच उठला. दिवेलागणीला शेताच्या कडेला पोपटी लावली. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, वर शेंगा, मीठ, ओवा, पुन्हा पाला, आणि मडकं उलटं ठेवून भोवती जाळ. पाणी नाही, तेल नाही. झाली का ते मडक्यावर पाण्याचे दोन थेंब टाकून बघतात. चटकन उडाले की झाली. बाने तीनदा थेंब टाकले, कारण मी तीनदा विचारलं.

"धीर नाय तुला," तो म्हणाला. "काय एवढं?"

मी सांगितलं. पेणच्या पाटाचा गोंधळ, परीक्षकांचं पत्र, संपत आलेली मुदत, नवा रेझोनन्स नसेल तर चौथं प्रकरण पुन्हा लिहावं लागेल, आणि असेल तर परीक्षकांना द्यायला उत्तर नाही. आता हिशोबात रेझोनन्स कमी, म्हणून संगणकाचं उत्तर उद्याच येईल. बाने ऐकून घेतलं. मग काडीने एक निखारा बाजूला केला.

"तू लहानपणीबी हेच केलंस."

"काय?"

"भट्टीवर. पयल्याच दिवशी. वीट हातात घ्यायचा कंटाळा, म्हणून थरावर ठेवल्या ठेवल्या वरून वाजवत गेलीस. सगळ्या भद्द. निम्मी रास कच्ची म्हणून टाकलीस तू. मुकादम माज्या अंगावर आला. मी त्या सगळ्या एक एक उचलून वाजवल्या, तवा तो गप झाला."

"मला आठवत नाही."

"तुला कशाला आठवंल. माजे हात दुखले." मग शेंग सोलत म्हणाला, "पण दुसऱ्या दिवशी तू एकबी वीट थरावर वाजवली नाय. त्येबी सांगतो."

शेंगा गरम होत्या, बोटं पोळत होती. त्या वर्षातली मी खाल्लेली सगळ्यांत चांगली गोष्ट तीच.

नदी

कुंडलिकेचं पाणी सकाळी वरच्या वीजघरातून सुटतं. त्याच्या आधी नदी गुडघ्याइतकी असते, नंतर होड्या वाहवते. वरच्या अंगाला पर्यटक नारिंगी जॅकेट घालून याच पाण्याची वाट बघत असतात. आमच्या वाडीतल्या बायकांना पाणी यायच्या आत चिंबोऱ्या धरून पलीकडून परत यायचं असतं. आयबरोबर मी उतरले. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवलेला.

नदीच्या मध्यावर तो वाजला. आय म्हणाली, "आता नको. पाणी येईल." पण मला थांबवेना. एका दगडावर बसून उघडला. मॅडमनी दोन आलेख पाठवले होते, खाली एकही शब्द नव्हता.

पहिला उंचवट्याचा. नव्या रेझोनन्सशिवाय, नुसत्या ओळखीच्यांनी, पार्श्वभूमी मोकळी सोडल्यावर, रेघ मोजमापांच्या ठिपक्यांमधून बरोबर वर चढून खाली उतरली होती. दुसरा फिरकीचा. मी ज्या हायपरॉनवर काम करते, लॅम्डा, तो फार थोडा जगतो, आणि फुटताना त्याचे तुकडे ज्या दिशेला जातात त्यावरून तो कसा फिरत होता ते कळतं. म्हणून त्याच्या फिरकीला फसवता येत नाही. तिथेही रेघ ठिपक्यांवर. तीन आठवडे जी दोन टोकं एकत्र येत नव्हती, ती एकाच हिशोबात शांतपणे बसली होती.

माझा नवा रेझोनन्स नव्हताच. पाट वाजत होता.

यादीतली माझी ती ओळ गेली. मी स्वतःला विचारलं, वाईट वाटतं का? थोडं वाटलं, एक-दोन श्वास. मग इतकं हलकं वाटलं की मी दगडावरून पाय सोडून बसले आणि हसायला लागले. आय काठावरून हाका मारत होती, "उठ गो, पाणी आलं, पाणी आलं." मी उठले तोवर माझी एक चप्पल रोह्याच्या दिशेने निघाली होती. आयने पुन्हा पाण्यात उतरून मला दंडाला धरून ओढलं. तिच्या दुसऱ्या हातातल्या चिंबोऱ्या शाबूत होत्या.

"काय आलं त्यात?" तिने फोनकडे बघून विचारलं.

"चूक सापडली."

"मंग हसतेस काय?"

"सापडली म्हणून."

तिने जरा विचार केला. "बरं झालं," म्हणाली, आणि आपल्या पायातल्या चपला काढून मला दिल्या. ती अनवाणीच वर चढली. मी नको म्हणत राहिले, तिने ऐकलं नाही.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "जुन्या लेखाची दुरुस्ती मी छापायला पाठवते आहे. त्यात तुझं नाव आधी असेल." आणि मग, "पाटाची गोष्ट मला पुन्हा सांग." मी सांगितली. अकोल्याच्या माणसाला हसताना मी पहिल्यांदा ऐकलं.

परतीच्या वाटेवर पेणला तासभर उतरले. आत्या ओळीतच बसलेली होती. मी तिला सांगितलं की तिच्यामुळे उत्तर सापडलं, तर म्हणाली, "माज्यामुळं काय. शेठला सांग, पाट बदला म्हणून. कवाची बोंबलते मी." शेठ तिथेच उभे होते. दुसऱ्या दिवशी सुतार आला, असं तिने मागून फोनवर कळवलं.

खुलासा मी मुदतीच्या शेवटच्या दिवशी, परतीच्या रेल्वेतूनच पाठवला. चौथं प्रकरण पुन्हा लिहिलं. त्यात आता नवा रेझोनन्स नाही. ओळखीचे रेझोनन्स आणि नीट मोजलेली पार्श्वभूमी एवढ्यावर लॅम्डाची सगळी मोजमापं बसतात, असं तिथे लिहिलं आहे. परीक्षकांनी ते मान्य केलं. तोंडी परीक्षेला आत्या, आय आणि बा तिघं दोन दिवस रेल्वेने आले आणि मागच्या बाकावर बसले. प्रबंध मंजूर झाला. मला पीएचडी मिळाली.